पहाटे साडेपाचचं गरम पाणी

११ सप्टेंबर

पहाटे सव्वाचारला कुऱ्हाडीच्या आवाजाने जाग आली. एक्केचाळीस वर्षं सॉ मिलमध्ये काढल्यावर लाकडावर घाव नीट बसला की तिरका, हे उशीवर डोकं ठेवूनही कळतं. हे सगळे घाव तिरके होते.

उठून खिडकीशी गेलो. अंगणातला दिवा लावून, माझं जुनं जाकीट घालून गेर्लिंडे ढलप्या काढत होती.

जुलैत माझा खुब्याचा सांधा बदलला. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हापासून तळघरातला बॉयलर तीच पेटवते. ती नर्स आहे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करते. साडेपाचला आंघोळ करून सहाला गाडी काढावी लागते. म्हणजे साडेचारला जाळ हवा. ती या घरात आल्यापासून एकोणीस वर्षं हे काम मी केलं. तिने नळ सोडायचा आणि पाणी गरम यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

गेर्लिंडे माझी सून. होती, असं लिहायला हवं. रुपर्टशी घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. तो डॉर्नबिर्नला गेला, त्या दुसरीबरोबर. ही राहिली. "हिवाळा संपेपर्यंत राहते बाबा," म्हणाली होती. तो हिवाळा संपला, पुढचाही संपला. विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

१३ सप्टेंबर

टेबलावर पत्र उघडं पडलं होतं. मी लोकांची पत्रं वाचत नाही. चष्मा मात्र डोळ्यावर होता. तिच्या बहिणीचं, इर्मगार्डचं पत्र, गाइलटालहून. तिकडच्या वृद्धाश्रमात मुख्य नर्सची जागा रिकामी होतेय, फेब्रुवारीपासून. जानेवारीअखेर कळवायचं. "किती दिवस त्या घरात जाळ घालत बसणार आहेस?" असं एक वाक्य होतं. बाकी वाचलं नाही.

संध्याकाळी मसुराची आमटी आणि क्नोडेल, पावाचे उकडलेले गोळे. चव चांगली होती. मी तसं सांगितलं नाही, पण दोनदा वाढून घेतलं.

१४ सप्टेंबर

त्साउनरला फोन केला. आपल्या भागातले निम्मे बॉयलर त्यानेच बसवलेत. पेलेटचा, भुशाच्या कांड्यांवर आपोआप चालणारा बसवायचा म्हटल्यावर तो फोनवर गप्पच झाला.

"मिस्त्री, तुम्हीच बोलताय ना?" सॉ मिलमधल्या दिवसांपासून सगळे मला मिस्त्रीच म्हणतात.

"मीच."

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला म्हणाला होतात की पेलेटचं शेगडं म्हणजे आळशांचा उद्योग."

"खुब्यामुळे घ्यावं लागतंय," मी म्हटलं.

खुब्यामुळेच घेतोय.

२१ सप्टेंबर

त्साउनर येऊन मापं घेऊन गेला. बॉयलर जुन्याच जागी बसेल. शेजारी पाण्याची मोठी टाकी. त्यातून घरही तापणार आणि नळालाही चोवीस तास गरम पाणी. धुराड्यात स्टीलची नळी सोडावी लागेल. पेलेट साठवायला कोठी हवी. मी म्हटलं, बाजूचं बटाट्याचं तळघर आहे की. तिथून फिरत्या मळसूत्राने पेलेट आपोआप बॉयलरकडे येतील.

त्याने टॉर्च मारला. मागची भिंत उतारात गाडलेली आहे. तिच्यावर पांढरट पट्टा आहे, त्यावरून त्याने बोट फिरवलं.

"हे काय?"

"चुना."

"चुना नाही मिस्त्री, ओल आहे. पेलेट म्हणजे दाबलेला भुसा. पाणी लागलं की पाव भिजावा तसा फुगतो. तुमची सरपणाची खोली वर आहे, कोरडी आहे. तिथे कापडी कोठी उभी करू."

मी म्हटलं, या तळघरात माझ्या आजोबांपासून बटाटे राहिलेत आणि एक सडलेला नाही. तो म्हणाला, बटाट्याला ओल चालते. मी म्हटलं, घर माझं आहे. मग त्याने वहीत लिहून घेतलं.

गेर्लिंडेने कॉफी आणून दिली. "बॉयलर कशाला बाबा एवढा?" असं विचारलं. खुब्याचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि बराच वेळ साखर ढवळत राहिली. ती साखर घेत नाही.

२७ सप्टेंबर

बातमी वेंडेलिनपर्यंत गेली. शेजारी आणि बालमित्र, दोन्ही असल्याने त्याला बोलायचा परवाना आहे. बाकावर येऊन बसला.

"चाळीस वर्षं सॉ मिलमध्ये भुसा झाडलास."

"झाडला."

"तेव्हा फुकट नेत नव्हतं कोणी. गुरांच्या खाली टाकायचो आपण."

"टाकायचो."

"आता तोच टँकरने विकत आणणार."

"तुला सफरचंदाची मोस्ट प्यायचीय की निघतोयस?"

प्यायला. दोन ग्लास. मग म्हणाला, "पोरगी पहाटे लाकडं फोडते ते आमच्या घरीसुद्धा ऐकू येतं, एंगेलबर्ट." सरपण तू घेऊन जा, मी म्हटलं, मला आता लागणार नाही. दहा वर्षं पुरेल एवढं रचून ठेवलंय.

४ ऑक्टोबर

नव्या बॉयलरसाठी सरकारी अनुदानाचा अर्ज भरला. घरात राहणाऱ्यांची नावं आणि अर्जदाराशी नातं. गेर्लिंडेचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. सून लिहिणं खोटं. 'मुलाची पूर्वीची बायको' हे इतक्या लहान चौकटीत मावत नाही आणि वाचायलाही बरं दिसत नाही. 'भाडेकरू' लिहिलं, मग खोडलं. शेवटी चौकट रिकामी सोडून पोस्टात टाकला.

१२ ऑक्टोबर

रुपर्टचा फोन. बॉयलरचं त्याला कुठून कळलं कोण जाणे. चांगलं केलंत म्हणाला. मग खाकरला. त्याला अवघड काही बोलायचं असलं की खाकरतो, लहानपणापासून.

"पप्पा, गेर्लिंडे अजून तिथेच आहे."

"आहे."

"तिला तुमची दया येते म्हणून आहे. ती सत्तेचाळीसची आहे. तिला तिचं आयुष्य आहे. तुम्ही नुसतं 'थांब' म्हणालात ना, तरी ती थांबेल. म्हणून म्हणू नका."

मला राग यायला हवा होता. तिला सोडून गेला तो हा, आणि शहाणपण शिकवतोय मला. पण त्याचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येईना. फोन ठेवताना त्याने विचारलं, खुबा कसा आहे. मऊ आवाजात विचारलं. पोर वाईट नाही.

तर मी 'थांब' म्हणणार नाही. हे ठरलं.

१९ ऑक्टोबर

जुना बॉयलर गेला. तुकडे करून वर आणावा लागला. आत एकतीस वर्षांची काजळी. दरवाज्याची मूठ माझ्या हाताने गुळगुळीत झालेली. त्साउनर म्हणाला, "मूठ ठेवायचीय का मिस्त्री?" मी म्हटलं, भंगारात टाक, लोखंड आहे ते.

नवा दिसायला कपाटासारखा आहे. पुढे पडदा, त्यावर आकडे.

३० ऑक्टोबर

टँकर आला. अंगणातून जाड नळी भिंतीतल्या तोंडाला जोडली आणि वाऱ्याच्या जोरावर पाच टन पेलेट आत फुंकले. गारा पडाव्यात तसा आवाज. मूठभर हातात घेऊन बघितले. करंगळीच्या पेराएवढ्या कांड्या, गुळगुळीत. नाकाशी नेल्या तर आमच्या मिलचाच वास, सोमवारी सकाळी पहिला ओंडका कापल्यावर यायचा तो.

टँकर गेल्यावर त्साउनरने बॉयलर सुरू केला. आत आपोआप ठिणगी पडली. मी वीस मिनिटं समोर उभा होतो. करायला काही नव्हतं.

त्साउनरने कोठीच्या दारावर पाटी लावली आणि आम्हा दोघांना समोर उभं करून शाळेतल्यासारखं म्हणायला लावलं: साठवलेल्या पेलेटमधून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. आत जायचं तर आधी दोन तास दारं उघडी, बॉयलर बंद, आणि एकट्याने कधीच जायचं नाही.

१ नोव्हेंबर

सगळ्या संतांचा दिवस. माझ्या बायकोच्या, हर्मिनेच्या थडग्यावर दिवा लावला. गेर्लिंडेने शेवंतीची कुंडी आणली होती, जांभळी. हर्मिनेला जांभळा आवडायचा हे मी विसरलो होतो.

परतताना ती माझ्या काठीच्या बाजूने न चालता दुसऱ्या बाजूने चालत होती. त्या बाजूला रस्ता निसरडा होता.

९ नोव्हेंबर

गेर्लिंडे आता पाचपर्यंत झोपते. नळाला केव्हाही गरम पाणी. सकाळी न्हाणीघरातून गाण्याचा आवाज येतो. एवढ्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. कसा ऐकणार, तळघरात असायचो.

मला मात्र सव्वाचारलाच जाग येते. पडून राहतो. छताच्या फळीत लाकडाची एक गाठ आहे, तिच्याकडे बघतो.

संध्याकाळी ती म्हणाली, "आता तुमचं एकट्याचंही नीट चालेल, नाही का बाबा? राखेचा डबा तेवढा महिन्याने काढला की झालं."

"हो," मी म्हटलं. "डबा हलका आहे."

तिला ते ऐकून बरं वाटलं असावं. लगेच भांडी घासायला उठली. भांडी मघाशीच घासलेली होती, पण तिने पुन्हा घासली.

६ डिसेंबर

उणे नऊ. बॉयलर उत्तम. इर्मगार्डचं आणखी एक पत्र. ते उघडं नव्हतं.

२४ डिसेंबर

नाताळ. झाड आमच्याच रानातलं, वेंडेलिनने तोडून आणून दिलं. गेर्लिंडेने मला लोकरीची बनियन दिली. मी तिला हातमोजे दिले, कातडी, आतून लोकर. पहाटे गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडते तेव्हा तिची बोटं लाल होतात. तिने घालून बघितले आणि जेवतानाही काढले नाहीत, तेव्हा हसू आलं.

नंतर तिने विचारलं, "बाबा, पुढच्या हिवाळ्यात तुम्ही काय कराल?"

अशा वेळी बोललं तर नको ते तोंडातून जाईल, म्हणून मी बॉयलर बघायला खाली गेलो. बॉयलरला बघण्यासारखं काही नव्हतं. वर आलो तर ती झोपायला गेली होती. हातमोजे टेबलावर.

१० जानेवारी

दोन दिवस पाऊस, तोही जानेवारीत. सगळं बर्फ वितळून उतारावरून पाणी वाहतंय.

१४ जानेवारी

सकाळी पाणी थंड. पडद्यावर लाल अक्षरं. रात्रीत पारा उणे चौदावर उतरलाय.

त्साउनर दहाला आला. कोठीची खिडकी उघडून टॉर्च मारला आणि मला हाक मारली. मागच्या भिंतीतून पाणी झिरपलंय. तळाचे पेलेट फुगून त्यांचा गारा झालाय आणि तो मळसूत्रात जाऊन सिमेंटसारखा बसलाय. तो पट्टा चुन्याचा नव्हता.

त्याने टॉर्च विझवून माझ्या हातात दिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"वरचे तीन टन तरी कोरडे आहेत," तो म्हणाला. "पण पेलेट शोषून घेणारी गाडी गुरुवारशिवाय मिळणार नाही. तोवर खालची ओल वर चढेल. हाताने काढायचे तर मळसूत्रापर्यंतची वाट उद्या मोकळी होईल, मग मी येऊन ते सोडवतो."

गेर्लिंडे दारात उभी होती, कामाच्या कपड्यांत. "उद्या मी रजा घेते," म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या चुलीत जाळ केलाय. वेंडेलिन ढकलगाडीभर लाकडं घेऊन आला, माझीच. ती चुलीशी रचून गेला.

मीच हट्टाने करून ठेवलंय हे. ती जाणार त्या महिन्यात तिला थंड पाण्याने आंघोळ.

१५ जानेवारी

हे सविस्तर लिहितो. हात दुखतोय तरी.

सकाळी त्साउनरने येऊन दारं, खिडकी उघडली. दोन तास हवा खेळू दिली, मग काठीला बांधून वायू मोजायचं यंत्र आत सोडलं. हवा ठीक होती. तरी नियम तो नियम. एकाने आत, एकाने दारात.

"मी आत," मी म्हटलं.

"नव्या खुब्याने?" गेर्लिंडे म्हणाली. "गुडघाभर पेलेटमध्ये? पुन्हा शिवायला मला बोलावतील." फावडं तिच्या हातात होतंच.

त्साउनर मला म्हणाला, "मिस्त्री, दारात नुसतं उभं राहायचं नाही. बोलत राहायचं. तिचं उत्तर येतंय तोवर ठीक. नाही आलं, तर आत शिरायचं नाही, तुम्हीही पडाल. मला फोन करायचा आणि दोरी ओढायची." तिच्या कमरेला दोरी बांधली, टोक माझ्या हातात दिलं. आणि दुसऱ्या कोणाचा बॉयलर बघायला तो निघून गेला.

मी बोलत राहायचं! हर्मिने म्हणायची, याच्याकडून बोलणं काढायचं म्हणजे ओल्या लाकडातून जाळ.

सुरुवात हवेपासून केली. उणे बारा आहे म्हटलं. आतून "हो" आलं. वारा नाही म्हटलं. "हो." दुपारी ऊन पडेल. "बरं." ती बादल्या भरून दारात ठेवत होती, कोरड्या एका बाजूला, ओल्या दुसऱ्या. मी सरकवत होतो, तेवढं खुब्याला चालतं.

हवा संपल्यावर बटाट्यांवर आलो. मग माझ्या वडिलांच्या कुऱ्हाडीवर. मग मिलमध्ये माझ्या बोटाचं पेर कसं गेलं त्यावर. ते तिला माहीत नव्हतं. सुरीने कापलं असं तिला वाटायचं. "नर्स असून?" मी म्हटलं. "तुम्ही कधी दाखवलंत का?" ती म्हणाली. मग हर्मिनेला पहिल्यांदा नाचायला विचारलं आणि ती नाही म्हणाली, ते सांगितलं. रुपर्ट सहा वर्षांचा असताना सॉ मिलच्या भुशाच्या ढिगात लपून झोपला होता आणि अख्खं गाव त्याला शोधत होतं, तेही सांगितलं. ती हसली. रुपर्टच्या गोष्टीला ती हसेल असं वाटलं नव्हतं.

दीड तास गेला. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बोलून झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ऐवज दीड तासात संपला. मी गप्प झालो.

"बाबा? बोला ना. नियम आहे."

"काय बोलू?"

"काहीही."

मग मी म्हटलं, "बॉयलर मी खुब्यासाठी घेतला नाही."

फावड्याचा आवाज चालू होता.

"तू पहाटे लाकडं फोडायचीस ते मला ऐकू यायचं. घाव तिरके बसायचे. इर्मगार्डच्या पत्रातली एक ओळ मी वाचली, वाचायला नको होती. वाटलं, जाळ घालायचा त्रास गेला तर तू राहशील. म्हणून घेतला. रुपर्ट म्हणाला, तिला थांब म्हणू नका. बरोबर बोलला तो. तुझं आयुष्य आहे. म्हणून म्हटलं नाही. आत्ताही म्हणत नाहीये. दुसरं काही बोलायला उरलं नाही म्हणून हे सांगतोय."

फावडं थांबलं.

मी वाट बघितली. आत अंधार, धूळ, काही दिसत नव्हतं. "गेर्लिंडे," मी म्हटलं. उत्तर नाही. "गेर्लिंडे, उत्तर दे." काही नाही. फोन खिशात होता हे आठवेना. दोरी ओढली, ती ताणली गेली नाही, सैलच आली. काठी टाकली आणि नियम विसरून मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.

"बाहेर थांबा," आतून आवाज आला. अगदी घोगरा. भुशाची धूळ, ती घशात बसते, मला माहितीय. "मी ठीक आहे. बाहेर थांबा बाबा, पडाल."

"मग बोलत का नव्हतीस?"

"बोलता येत नव्हतं."

थोड्या वेळाने ती दारापाशी आली आणि उलट्या बादलीवर बसली. केसांत भुसा, तोंडावर भुसा, गालांवरून दोन स्वच्छ रेघा.

"मला वाटलं, तुम्ही मला मोकळं करताय," ती म्हणाली. "दयेपोटी राहिलीय असं वाटून. बॉयलर लावला म्हणजे आता तुझी गरज नाही, जा."

"असं मी कधी म्हटलं?"

"नोव्हेंबरात. एकट्याचं चालेल म्हणालात."

"ते तू म्हणालीस."

"मी विचारलं होतं. तुम्ही 'हो' म्हणालात. वर डबा हलका आहे म्हणालात."

"डबा हलकाच आहे."

तिने डोक्याला हात लावला. "आणि नाताळात मी विचारलं तर उठून बॉयलरकडे गेलात."

मी हातातली दोरी गुंडाळू लागलो.

"होकाराचं पत्र तीन आठवडे पर्समध्ये आहे," ती म्हणाली. "तिकीट लावलेलं. रोज पोस्टावरून जाते. घरात सकाळी कोणी तरी उठून खोकतंय, जिन्यावरून काठी वाजतेय, हे मला तिकडे ऐकू येणार नाही. म्हणून टाकवत नाही. यात दया कुठे आली? मला आईबाप नाहीत. तुमच्यावर दया करायला तुम्ही काय लंगडं वासरू आहात का?"

"सध्या थोडा आहे," मी म्हटलं.

ती हसायला लागली आणि मग तिला खोकला आला. मी पाणी आणून दिलं. पिऊन झाल्यावर तोंड पुसून उठली, फावडं उचललं.

"मी राहणार आहे," ती म्हणाली. "पण दोन अटी. कोठी त्साउनर म्हणतो तिथे. आणि मनात असेल ते बोलायचं."

"रोज?"

"आठवड्यातून एकदा चालेल."

"बघतो."

"आता बोलत राहा. अजून अर्धी कोठी आहे."

मग मी काय बोललो ते मला आठवत नाही. पण बराच वेळ बोलत होतो. त्साउनर परत आला तेव्हा दारात थांबून ऐकत राहिला आणि म्हणाला, "वायू तर तुम्हालाच चढलाय मिस्त्री."

१६ जानेवारी

मळसूत्र सुटलं. दुपारी दोनला ठिणगी पडली. गेर्लिंडे तासभर न्हाणीघरात होती.

३ फेब्रुवारी

सरपणाच्या खोलीत कापडी कोठी उभी राहिली. भल्या मोठ्या पिशवीसारखी, चार खांबांना टांगलेली. उरलेले पेलेट तिच्यात भरले. त्साउनरला श्नॅप्स पाजली आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं असं तोंडाने सांगितलं. हे या आठवड्याचं बोलणं झालं असं मी गेर्लिंडेला म्हटलं. ती म्हणाली, ते त्साउनरचं झालं, माझं बाकी आहे.

म्हणून सांगितलं की मसुराची आमटी चांगली होते.

१० मार्च

इर्मगार्डची साठी बारा तारखेला, गाइलटालला. गेर्लिंडे परवा म्हणाली, चला. मी म्हटलं, मार्चमध्ये घर कसं सोडणार. बाहेर अजून उणे पाच आहे, नळ फुटतील. लग्न झाल्यापासून ऑक्टोबर ते एप्रिल एकही रात्र मी या घराबाहेर काढलेली नाही. खुब्याच्या ऑपरेशनलासुद्धा जुलै गाठून गेलो. हर्मिनेला मार्चमध्ये समुद्र बघायचा होता, तेव्हाही हेच म्हटलं होतं. ती एकटी गेली नाही.

गेर्लिंडे म्हणाली, "बाबा, जाळ कोण घालणार आहे?"

मी माळ्यावरून बॅग काढली.

सकाळी निघालो. बॉयलर पंधरा अंशांवर लावला, कसा लावायचा ते त्साउनरने दोनदा फोनवर सांगितलं. चावी वेंडेलिनकडे. तो म्हणाला, "खुशाल जा, तुझ्या कपाटाशी मी गप्पा मारीन." गेर्लिंडेने माझी बॅग मागे ठेवली, आत मफलर आहे ना हे उघडून बघितलं.

वळणावर गेलो तेव्हा मी तिला गाडी थांबवायला सांगितलं. तिला वाटलं, काही विसरलो. मी काच खाली केली. खाली आमचं घर, छपरावर बर्फ, आणि धुराड्यातून बारीक सरळ धूर वर चाललेला. एवढ्या वर्षांत मी तो कधी बाहेरून बघितला नव्हता. धूर निघायचा तेव्हा मी आत असायचो.

"काय बघताय?" गेर्लिंडेने विचारलं.

"आत कोणी नाही आणि घर उबदार आहे," मी म्हटलं.

ती वाकून माझ्या काचेतून बघू लागली. घरची सगळी माणसं गाडीत होती. मग तिने गाडी गिअरमध्ये टाकली.